अखेरच्या शुश्रूषेची पारख

येवल्याच्या पेठेंत पैठणी घेण्यास आलेलें जाणतें गिऱ्हाईक पदरावरच्या मोरांकडे पाहून भुलत नाहीं. तें पदर हातांत घेतें आणि उलटून पाहतें. हातमागावर विणलेल्या अस्सल पैठणीचे कांठ-पदर उलट-सुलट दोन्ही बाजूंनीं सारखेच स्वच्छ दिसतात. यंत्रावरच्या नकलेच्या पाठीशीं सुटे धागे लोंबत असतात. एका वस्त्रासाठीं माणूस एवढी चिकित्सा करतो. परंतु घरांतील वडीलधारें माणूस असाध्य रोगानें अंथरुणास खिळलें आणि त्याच्या अखेरच्या दिवसांची व्यवस्था कोणाच्या हातीं सोंपवावी हा प्रश्न उभा राहिला, म्हणजे तीच चिकित्सक बुद्धि कोठें नाहींशी होते कोण जाणे! ज्याचें नांव कानावर आलें, ज्यानें गोड शब्दांत धीर दिला, किंवा ज्याची इमारत डोळ्यांत भरली, त्याच्या स्वाधीन रुग्णास केलें जातें.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. शाळा वाईट निघाली तर मुलास दुसऱ्या शाळेंत घालतां येतें. डॉक्टरच्या हाताला गुण आला नाहीं तर डॉक्टर बदलतां येतो. अखेरची शुश्रूषा मात्र एकदांच घ्यावयाची असते. जिनें ती घेतली ती व्यक्ति साक्ष देण्यास मागें राहत नाहीं; आणि जे मागें राहतात त्यांचीं मनें दुःखानें, थकव्यानें आणि कृतज्ञतेनें इतकीं भरलेलीं असतात कीं, त्यांच्या तोंडून परखड असा शब्द सहसा निघत नाहीं. म्हणून या सेवेची परीक्षा आधींच करावी लागते, आणि ती पदराची मागची बाजू उलटून पाहावी तशीच करावी लागते.

या सेवेस इंग्रजींत हॉस्पिस म्हणतात. मध्ययुगीन यूरोपांत यात्रेकरूंस व थकलेल्या वाटसरूंस उतरण्यासाठीं मठवासी ज्या धर्मशाळा चालवीत, त्यांचें हें नांव. त्याला आजचा अर्थ आला तो मुख्यतः सिसिली सॉण्डर्स या इंग्रज विदुषीमुळें. त्या प्रथम परिचारिका, मग रुग्णालयांतील समाजसेविका आणि शेवटीं डॉक्टर झाल्या. डेव्हिड टॅस्मा नांवाचा एक पोलिश रुग्ण १९४८ सालीं कर्करोगानें वारला. मरणोन्मुख माणसांसाठीं वेगळें घर असावें, ही कल्पना त्या दोघांच्या संभाषणांतून निघाली होती, आणि त्या घराची एक खिडकी व्हावी म्हणून त्यानें आपले पांचशें पौंड त्यांस ठेवले. तें घर उभें राहण्यास एकोणीस वर्षें लागलीं. १९६७ सालीं लंडनमध्यें सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू झालें. २००५ सालीं सॉण्डर्सबाईंचा अंत झाला तो त्यांनीं स्वतः उभारलेल्या त्याच घरांत. संस्थेच्या गुणवत्तेचा याहून मोठा पुरावा क्वचित् मिळेल. चालविणाऱ्यांना तेथें स्वतःचें मरण यावें असें वाटतें काय, हा प्रश्न कोणत्याही अशा संस्थेविषयीं मनांत धरावा.

भारतांतील अशी पहिली संस्था महाराष्ट्रांतच निघाली. टाटा स्मारक रुग्णालयांतील शस्त्रवैद्य डॉ. एल. जे. डिसूझा यांनीं १९८६ सालीं मुंबईस वांद्र्याच्या टेकडीवर 'शांती अवेदना' हें स्थान स्थापिलें. अवेदना म्हणजे वेदनेचा अभाव. नांवांतच कार्य सांगितलें आहे. पुण्याजवळ वारजें येथें सिप्ला प्रतिष्ठानचें केंद्र १९९७ सालीं सुरू झालें. दोन्ही ठिकाणीं बऱ्या न होणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांची सेवा विनामूल्य होते. टाटा रुग्णालयानें २०१२ सालीं या विषयांतील एम. डी.चा अभ्यासक्रमही सुरू केला. म्हणजे ही नुसती दयाबुद्धीची गोष्ट राहिली नसून ती शिकण्याची विद्या झाली आहे.

या विद्येचें मर्म एका जुन्या शब्दानें सांगतां येतें. चरकसंहितेंत साध्य आणि असाध्य असे रोगांचे भेद आहेत, आणि असाध्यांतही 'याप्य' म्हणून एक वर्ग आहे. जो रोग समूळ जात नाहीं, परंतु उपचारानें आटोक्यांत राहतो, तो याप्य. आधुनिक वेदनाशमनाचें म्हणणें इतकेंच कीं, रोग हाताबाहेर गेला तरी वेदना बहुधा याप्य असते. "आतां करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं" हें वाक्य रोगाविषयीं खरें असेल; रोग्याविषयीं तें कधींच खरें नसतें.

समजा, येवल्यांतील एका विणकराच्या घरीं आजीबाईंस आंतड्याचा कर्करोग झाला आहे. नाशिकच्या रुग्णालयानें शस्त्रक्रिया केली, औषधें दिलीं, आणि शेवटीं "आतां घरीं न्या" म्हणून सांगितलें. घरांत एका खोलींत माग, दुसऱ्या खोलींत आजीबाईंचें अंथरूण. मुलगा दिवसभर मागावर. सुनेस दोन मुलें. आजीबाई रात्रभर कण्हतात. अशा वेळीं तीन मार्ग समोर येतात: शहरांतील एखाद्या शुश्रूषागृहांत त्यांना ठेवावें, घरीं येऊन सेवा करणाऱ्या एखाद्या पथकाची मदत घ्यावी, किंवा पगारी परिचारिका पुरविणाऱ्या मंडळींकडून कोणीतरी आणावें. तिन्ही ठिकाणीं विचारावयाचे प्रश्न जवळजवळ तेच आहेत.

पहिला प्रश्न वेदनेचा. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडानें घेण्याचें मॉर्फीन हें जगन्मान्य औषध आहे. तें अफूपासून बनतें, आणि अफूची कायदेशीर लागवड ज्या थोड्या देशांत होते त्यांत भारत आहे. मध्यप्रदेशांत नीमच येथें आणि उत्तरप्रदेशांत गाझीपूर येथें सरकारी अफूचे कारखाने आहेत. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानें परवान्यांचें जाळें इतकें दाट केलें कीं, अनेक रुग्णालयांनीं मॉर्फीन ठेवणेंच सोडून दिलें. घरीं पिकतें आणि घरच्यांस मिळत नाहीं, अशी ही स्थिति. २०१४ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांस तें बाळगणें पुष्कळ सोपें झालें. म्हणून संस्थेस स्पष्ट विचारावें: "आपणांकडे मॉर्फीन ठेवण्याची मान्यता आहे काय? तें आज शिल्लक आहे काय?" जी संस्था या प्रश्नास बगल देते, तिची फुलबाग कितीही सुंदर असली तरी उपयोग नाहीं.

पुढचा प्रश्न तें देतात कसें याचा. साधी गोळी दर चार तासांनीं, घड्याळ पाहून, वेदना उसळण्यापूर्वीं द्यावयाची असते. रुग्ण ओरडूं लागल्यावर नव्हे. मध्येंच वेदना उसळली तर द्यावयाची जादा मात्रा आगाऊ ठरवून लिहिलेली असावी. मॉर्फीननें मलावरोध बहुधा होतोच; म्हणून त्याच्याबरोबर पहिल्याच दिवसापासून सारक औषध लिहिलें आहे कीं नाहीं, हें पाहावें. ही बारीकशी गोष्ट. परंतु शुद्धलेखनाच्या एका ओळीवरून विद्यार्थ्याची तयारी कळावी, तशी तिच्यावरून वैद्याची तयारी कळते. वेदना किती आहे हें रुग्णास रोज विचारून शून्यापासून दहापर्यंतच्या अंकांत टिपून ठेवतात काय, हेंही विचारावें. जेथें वेदना मोजीत नाहींत, तेथें ती कमी झाली हें कशावरून ठरविणार? "संवय लागेल" या भीतीनें जेथें औषध अडवून धरतात, तेथून उठून यावें. योग्य देखरेखीखालीं कर्करोगाच्या वेदनेवर दिलेल्या मॉर्फीनमुळें व्यसन लागल्याचें क्वचितच आढळतें. आणि ज्याच्यापुढें थोडे आठवडेच उरले आहेत, त्यास या भीतीपायीं तळमळत ठेवण्यांत शहाणपण नाहीं.

दुसरा प्रश्न रात्रीचा. तपासणीच्या दिवशीं प्रत्येक शाळेची भिंत रंगविलेली आणि प्रत्येक मुलाची टोपी धुतलेली असते. शाळेची खरी कळा एखाद्या आडवारीं, पावसाळी दुपारीं दिसते. त्याचप्रमाणें या सेवेची खरी कळा रात्रीं दोन वाजतां दिसते. त्या वेळीं जागें कोण असतें? तें माणूस शिकलेलें परिचारक असतें कीं नुसता राखणदार? औषधाच्या कपाटाची किल्ली त्याच्यापाशीं असते काय? घरीं येणारें पथक असेल तर रात्रीं फोन कोण उचलतो? नाशिक येवल्यापासून सुमारें ऐंशी किलोमीटर आहे. मध्यरात्रीं तेथून कोणी धांवत येईल, ही अपेक्षाच व्यर्थ. मग घरांत आधींच कोणतें औषध ठेवून दिलें आहे, आणि श्वास लागला, उलटी झाली, भ्रम झाला तर काय करावें हें सुनेस वाचतां येईल अशा मराठींत लिहून दिलें आहे काय? चांगलें पथक हें न विचारतां करतें.

तिसरा प्रश्न देहाच्या साध्या निगेचा. अंथरुणास खिळलेल्या रुग्णास साधारणतः दर दोन तासांनीं कुशीवर वळवावें लागतें, नाहीं तर पाठीस व टाचांस जखमा पडतात. तोंड वरचेवर ओलें व स्वच्छ ठेवावें लागतें. गंगाजळाचे दोन थेंब आणि तुळशीपत्र यांची रूढि अखेरच्या क्षणासाठीं आहे. परंतु कोरडें पडलेलें तोंड त्याआधीं कित्येक दिवस कोणाची तरी वाट पाहत असतें. अन्नाविषयीं तर घरोघरीं गैरसमज असतो. अखेरच्या दिवसांत भूक आपोआप मंदावते, आणि बळेंच भरविलेला घांस श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें. शिरेंतून चढविलेल्या पाण्यानें कधीं कधीं सूज व धाप वाढतात. "उपाशी मारलें" हा बोल लागूं नये म्हणून नातेवाईक सलाईनचा आग्रह धरतात. जी संस्था हा आग्रह मुकाट्यानें पुरवून बिल वाढविते तीही चुकते, आणि जी खेंकसून नकार देते तीही चुकते. शेजारीं बसवून समजावून सांगणारी संस्था खरी. घरच्या माणसांना वळवणें, पुसणें, भरवणें शिकविण्यास ती वेळ देते काय, हें अवश्य पाहावें. कारण तेंच त्या घरास उरणारें समाधान आहे.

चौथा प्रश्न सत्याचा. मराठी घरांत एक प्रघात आहे. डॉक्टर मुलाशीं दाराबाहेर बोलतात, मुलगा काकांशीं अंगणांत बोलतो, आणि जिच्याविषयीं सर्व बोलणें चालतें त्या आजीबाईंस "आतां बरें वाटेल" एवढेंच सांगितलें जातें. बहुधा आजीबाईंस सर्व कळलेलें असतें. फक्त तें बोलण्यास माणूस उरत नाहीं. नातीचें लग्न ठरविणें, दागिन्यांची वांटणी, दुरावलेल्या भावास एकदां भेटणें, अशीं किती तरी कामें त्या मौनांत राहून जातात. उत्तम सेवा करणारा मनुष्य सत्य अंगावर फेंकीत नाहीं. रुग्णास किती जाणून घ्यावयाचें आहे हें तो प्रथम हळूच विचारतो, आणि तेवढेंच, पण खरें, सांगतो. याच विषयास कायद्याचेंही अंग आहे. सर्वोच्च न्यायालयानें ९ मार्च २०१८ रोजीं सन्मानानें मरण हा जीवनाच्या हक्काचाच भाग असल्याचें मान्य केलें, आणि आपणांस कोणते उपचार नकोत हें आधीं लिहून ठेवण्याची वाट खुली केली. जानेवारी २०२३ मध्यें त्याची पद्धतिही सुलभ झाली. न्यायदंडाधिकाऱ्यापुढें जाण्याऐवजीं आतां नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढें तो लेख करतां येतो. असा लेख रुग्णापाशीं असेल तर संस्था तो वाचून दप्तरांत ठेवते काय, हेंही विचारण्यास संकोच करूं नये.

पांचवा प्रश्न पैशाचा, आणि तो सर्वांत नाजूक आहे. जेथें पैसे घेतात तेथें दर लेखी मागावा: रोजचा आकार किती, औषधें त्यांत आलीं कीं निराळीं, रुग्ण दोन दिवसांत गेल्यास अनामत परत मिळते कीं नाहीं. रोग बरा करण्याचें आश्वासन देऊन जी मंडळी पैसे मागतात, त्यांच्या दारीं उभें राहूं नये. परंतु खरी अडचण विनामूल्य सेवेच्या बाबतींत येते. फुकट मिळालेल्या सेवेची चिकित्सा करणें लोकांस कृतघ्नपणाचें वाटतें. "त्यांनीं निदान ठेवून तरी घेतलें" असें म्हणून चादर मळकी होती, हांकेस कोणी येत नव्हतें, या गोष्टी गिळल्या जातात. ही भावना सज्जनपणाची असली तरी तिनें पुढच्या रुग्णाचें नुकसान होतें. दान देणाऱ्याचे उपकार मानावे आणि दानाची प्रतही पाहावी. या दोहोंत विरोध नाहीं. उलट चांगली धर्मादाय संस्था प्रश्नांचें स्वागत करते, कारण तिला आपली वीण लपवावयाची नसते.

सहावा प्रश्न मृत्यूनंतरचा. प्राण गेल्यावर देहास कसें हाताळतात? घरच्यांस जवळ बसण्यास वेळ देतात, कीं खाट मोकळी करण्याची घाई करतात? हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध, ज्याच्या त्याच्या रीतीस जागा असते काय? आणि महिन्याभरानें त्या घरीं कोणी चौकशीस जातें काय? रुग्णासह त्याचें घरही सांभाळावयाचें, हें या विद्येचें एक मूळ तत्त्व आहे. म्हणून विचारपूस न होणें ही उणीवच धरावी.

हीं उत्तरें कोणाकडून घ्यावीं? माहितीपत्रकांतून तीं मिळत नाहींत, आणि व्यवस्थापकाच्या तोंडून अर्धवटच मिळतात. सहा महिन्यांपूर्वीं ज्या घरांतील माणूस तेथें गेलें, अशा घरीं जावें. "सेवा चांगली होती काय?" असें विचारल्यास "होय" हेंच उत्तर येईल. "शेवटचे दोन दिवस कसे गेले?" असें विचारावें आणि मग गप्प बसावें. त्या उत्तरांत सर्व कांहीं येतें.

यावर कोणी म्हणेल कीं, निवड करण्याइतक्या संस्था आहेत कोठें? आक्षेप खरा आहे. लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट' गटाच्या संशोधन-विभागानें २०१५ सालीं अखेरच्या शुश्रूषेच्या बाबतींत ऐंशी देशांचा क्रम लावला, त्यांत ब्रिटन पहिलें आणि भारत सदुसष्टावा होता. महाराष्ट्रानें या सेवेचें धोरण २०१२ सालीं आंखलें, केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रमही त्याच वर्षीं निघाला, आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य-धोरणानें ही सेवा प्राथमिक आरोग्यसेवेंत धरली. कागद पुष्कळ पुढें गेला आहे. खाटेपाशीं पोंचणें राहिलें आहे. परंतु म्हणूनच प्रश्न विचारण्याचें महत्त्व अधिक. येवल्याच्या उपजिल्हा रुग्णालयांत जाऊन दहा घरांनीं "येथें मॉर्फीन मिळतें काय?" असें विचारलें, तर अकराव्या घराला तें मिळण्याचा संभव वाढतो. केरळांत कोळिकोड येथें १९९३ सालीं थोड्या डॉक्टरांनीं एक लहानशी संस्था काढली. पुढें गल्लीगल्लींतले शिक्षक, दुकानदार, गृहिणी आठवड्याचे कांहीं तास देऊं लागले, आणि शिकून घेऊन शेजारच्या रुग्णाची पाठ पुसूं लागले. तेथली सेवा आज जगांत नांवाजलेली आहे. ज्या गांवांत एका घराचा ताणा ओढण्यास शेजारचीं चार माणसें येतात, त्या गांवास हें अशक्य वाटण्याचें कारण नाहीं.

शेवटीं, एखादी संस्था पाहण्यास जाणाऱ्यानें एक गोष्ट न चुकतां करावी. भेटीची वेळ संपत आल्यावर, पाहुणे निघून गेल्यावर, ज्याच्याकडे दिवसभर कोणीच आलें नाहीं अशा रुग्णाच्या खाटेजवळून सावकाश जावें. त्याचीं नखें कापलेलीं आहेत काय, ओंठ ओले आहेत काय, पाण्याचा पेला त्याच्या हाताला पोंचेल इतका जवळ ठेवला आहे काय, आणि परिचारिका त्यास नांवानें हांक मारते कीं खाटेच्या आंकड्यानें, एवढें पाहावें. ज्याच्या बाजूनें तक्रार करणारें कोणी नाहीं, त्याची निगा जेथें नीट राखली जाते, तेथें घरचें माणूस विश्वासानें ठेवावें.